डॉक्टरांच्या फटफटीचा आवाज

मुंबईच्या गोदीत मी पाच वर्षं फिटर होतो. वडील गेल्यावर आई एकटी पडली, म्हणून नोकरी सोडून गावी आलो आणि कसालच्या तिठ्यावर पत्र्याची शेड घालून दुकान काढलं. साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. सायकलींची पंक्चरं, बंद पडलेले स्टोव्ह, पाणी उपसायची इंजिनं, कधी वाटेत अडकलेला एखादा ट्रक, जे येईल ते काम करायचं. गोदीत बोटींच्या इंजिनांवर हात बसलेला, आणि इथे दिवसभर स्टोव्हच्या पिना साफ करायच्या. आई म्हणायची, "पोटाक मिळता मा? मगे झाला." पोटाला मिळत होतं, पण जीव रमत नव्हता. आपल्याला येतंय ते कोणी बघत नाही, असं सारखं वाटायचं.

तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर घाटावरचे, कोल्हापूरकडचे. पस्तिशीचे असतील. अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं. पहिलं वर्षभर ते सायकलवरून हिंडले. मग एकदा सुटीला घरी गेले ते येताना फोंडाघाट उतरून एक जुनी फटफटी चालवत घेऊन आले. डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीने माखलेले होते. आमच्या भागात तेव्हा दुसरी फटफटी नव्हती. तिचा आवाज कोरडा आणि फुटका होता, पत्र्यावर कोणी दगड मारत सुटावं तसा. ढोरं बुजायची, कुत्री मैलभर मागे लागायची.

दर आठवड्याला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टर मसुऱ्यापर्यंत फेरी करत. वाटेतल्या वाड्या रस्त्याला लागून नव्हत्या. कुठे डोंगराच्या अंगावर चार घरं, कुठे शेताच्या पार पलीकडे. निरोप धाडायचा तर माणूसच धाडायला हवा. फटफटी आल्यावर लोकांनी आपली एक पद्धत पाडून घेतली. घरात कोणी आजारी असेल तर त्या दिवशी कान उघडे ठेवायचे. लांबच्या वळणावर फटफट ऐकू आली की एकाने धावत खाली जाऊन रस्त्यावर उभं राहायचं. डॉक्टर येईपर्यंत माणूस बरोबर पोचलेला असे. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मलाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती असं मी पुढे काही जणांना सांगितलं, पण ते खोटं होतं.

एका सकाळी डॉक्टर फटफटी ढकलत माझ्या दुकानाशी आले. मला वाटलं बंद पडली. ते म्हणाले, "चालते. चालते म्हणूनच आणलीय. हिचा आवाज बदलता येईल का?"

"म्हणजे कसा?"

"जरा माणसात बसण्यासारखा."

मग त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी ते एका घरी गेले होते. म्हाताऱ्याला साधा ताप होता. हे आत गेले तर म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडलेला आणि घरातल्या बायका रडायला लागलेल्या. "मी त्याला अजून हातही लावला नव्हता," डॉक्टर म्हणाले. "सून म्हणाली, फटफटी ऐकली आणि त्यांनी डोळेच मिटले."

ते काय म्हणत होते ते मला कळलं. लोक आधी झाडपाला करायचे, मग देवाकडे कौल लावायचे, आणि सगळं हरल्यावर डॉक्टरांना बोलवायचे. त्यामुळे ज्या घरापुढे फटफटी थांबायची त्यातल्या कितीतरी घरांतून दुसऱ्या दिवशी माणूस उचललं जायचं. डॉक्टरांना कोणी दोष देत नसे. पण तो आवाज ऐकला की बाया पोरांना आत घ्यायच्या.

"मला त्याचा त्रास होतो," एवढंच डॉक्टर म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले. मी म्हटलं, "करून देतो. ठेवून जा."

मुंबई सोडल्यापासून पहिल्यांदा मला असं काम मिळालं होतं की ज्यात डोकं लावावं लागेल. मी सायलेन्सर सोडवला. आमच्याकडे त्याला पुंगळी म्हणत. कंपनीची पुंगळी, माशासारखी, मधे फुगीर आणि शेपटाकडे निमुळती. छिन्नीने तिचं शेपूट उघडलं. आत भोकं पाडलेल्या तीन तबकड्या होत्या, एकापुढे एक. धूर त्यांच्यावर आपटत आपटत बाहेर यायचा, आणि खाऱ्या हवेने त्या इतक्या झिजल्या होत्या की प्रत्येक धक्क्याला थरथरायच्या. फुटका आवाज तिथून येत होता. मी त्या तिन्ही काढून टाकल्या. त्यांच्या जागी एक सरळ नळी घातली, नळीला अंगभर बारीक भोकं पाडली, आणि नळी आणि बाहेरचं कवच यांच्यामधे आवाज पिऊन टाकेल असं काहीतरी भरायचं ठरवलं.

पहिल्यांदा मी काथ्या भरला. इथे काथ्याला काय तोटा! डॉक्टरांनी दवाखान्यापर्यंत फेरी मारली आणि पुंगळीतून धुराचा लोट सुरू झाला. काथ्या पेटला होता. औषधाला आलेली माणसं बाहेर येऊन हसायला लागली. डॉक्टरही हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग मी मालवणला गेलो. बंदरावर लाँचीची इंजिनं दुरुस्त करणारा एक मेस्त्री माझ्या ओळखीचा होता. त्याने मला आस्बेस्टॉसची दोरी दिली, इंजिनाच्या गरम नळ्यांना गुंडाळतात ती. ती मी नळीवर घट्ट गुंडाळली, कवच बंद केलं, पितळेचा डाग मारून जोड पक्का केला. आवाज निम्म्यावर आला. पण इंजिन तापायला लागलं, चढावर दम टाकायला लागलं. नळीची भोकं कमी पडत होती. पुन्हा उघडलं, भोकं वाढवली, पुन्हा बंद केलं. आता गाडी हलकी चालत होती आणि आवाज मऊ झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "वा! एवढंच हवं होतं. घेऊन जातो."

मी म्हटलं, "दोन दिवस अजून ठेवा. याहून चांगला होईल."

त्यांनी मागितलं होतं त्याच्यापुढे मी गेलो, ते इथे. मी पुंगळीला मागे वीतभर कवच जोडलं, त्यात दुसरा कप्पा केला, त्यातही दोरी भरली, शेवटी बारीक तोंडाची शेपटी बसवली. डॉक्टरांना लांबवर जाऊन परत यायला सांगितलं आणि मी तिठ्याजवळच्या पुलावर डोळे मिटून उभा राहिलो. फटफटी पुलाच्या टोकाला आली तेव्हा कुठे मला ऐकू आली. बंद दाराआड कोणी भात कांडत असावं तसा घुम्म घुम्म आवाज, तोही जवळ आल्यावर.  गोदीतल्या माझ्या उस्तादाने हे पाहायला हवं होतं, असं वाटलं. येणारे जाणारे ट्रक ड्रायव्हर मुद्दाम उतरून ती बघत. "चालू आसा की बंद?" असं विचारत. मी कापड घेऊन तिची टाकी पुसत बसायचो, जणू माझीच होती.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी माझी बहीण आली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी. मसुऱ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत तिला दिली होती. घरची शेती, काजू, आंबे. तिला तीन वर्षांची एक मुलगी होती आणि आता दुसऱ्या खेपेचे दिवस राहिले होते, सातवा महिना. भावोजी बाजारात कोयत्याला धार लावून घ्यायला गेले होते आणि ती माझ्या दुकानात हत्यारांच्या पेटीवर टेकली होती. मी तिला फटफटी दाखवली.

"चालू कर बघू," ती म्हणाली.

"चालू आसा गो. हात लाव."

तिने सीटवर हात ठेवला. ती थरथर हाताला लागली तशी ती हसली. "गो बाय माझ्या! ही तर मांजरासारखी गुरगुरता." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण दादा, ही आमच्या थंय ऐकाक येतली?"

"कित्याक होयी तुका ऐकाक? तू काय आजारी आसस?"

"माझा नाय रे. कोण ना कोण असता मा वाडीत."

"असलो तर रस्त्यार जावन रवतलो. पाय मोडले नाय कोणाचे."

तिने सीटवरचा हात काढून घेतला. मुलीसाठी खाजं घ्यायचं होतं म्हणून उठली. मी पुन्हा टाकी पुसायला लागलो.

त्या नव्या पुंगळीने डॉक्टरांच्या दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीहून येताना ते दुकानाशी थांबले. "काय गंमत आहे बघ," म्हणाले, "हल्ली रस्त्यावर कोणी भेटतच नाही. थंडी मानवलेली दिसते लोकांना." आम्ही दोघंही हसलो. मला आजही ते हसणं आठवलं की तोंड कडू होतं. दोन शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

तिसरी फेरी. दुपारचे दोन वाजून गेले असतील. मी एका पंपाचं इंजिन उघडून बसलो होतो. मालवणकडून येणारी बस नेहमीच्या जागी न थांबता माझ्या दुकानाच्या अलीकडेच थांबली. ड्रायव्हर उतरला आणि माझ्याकडे न येता दवाखान्याकडे धावला. मागोमाग भावोजी उतरले. अंगात बनियन, पायात काही नाही. त्यांचं धोतर पुढून रक्ताने भिजलेलं होतं. मला वाटलं त्यांनाच काही लागलंय.

"बाय खंय आसा?" मी विचारलं.

त्यांनी बसकडे नुसतं बोट केलं.

मागच्या लांब बाकावर तिला झोपवली होती. डोकं सासूच्या मांडीवर. सासू तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती, सारखी, एकाच जागी. मी हाक मारली. सासू म्हणाली, "नको मारूस रे हाक. कट्टा गावाच्या फुडे ती गेली." बसमधली माणसं खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. 

मी खाली आलो आणि भावोजींच्या बाजूला उभा राहिलो. दवाखान्याला कुलूप होतं, ड्रायव्हर परत आला होता. आम्ही रस्त्याकडे पाठ करून उभे होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझ्या खांद्यावर हात पडला म्हणून वळलो तर डॉक्टर. फटफटी त्यांच्या मागे चार हातांवर उभी होती, चालू. मला ऐकू आली नव्हती.

ते बसमध्ये जाऊन आले. रुमालाने हात पुसत त्यांनी भावोजींना विचारलं, "केव्हापासून?"

"सकाळी आठाक सुरू झाला. आधी वाईच. मगे थांबाकच नाय."

"मला का थांबवलं नाही? साडेदहाला मी तुमच्या खालून गेलो."

"नाय हो डाक्टर," भावोजी म्हणाले. "तुमी येवक नाय आज. मी आंगणात कान लावन बसलेलंय. तुमची फटफटी येवक नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. भावोजी आम्हा दोघांकडे पाहत राहिले आणि मग पुन्हा तेच म्हणाले, "येवक नाय. माझे कान काय फुटले नाय."

नंतर मला सगळं तुकड्यातुकड्याने कळलं. घरात पुरुषमाणूस भावोजी एकटेच. पाणी तापवायला, सासूच्या हाताखाली लागेल ते द्यायला तेच. सासू म्हणाली, आज डॉक्टरांचा दिवस आहे, फटफटी ऐकलीस की धाव. ते आत बाहेर करत राहिले, आणि थोडी उसंत मिळाली की अंगणाच्या कडेला जाऊन बसत. साडेअकरा झाले, बारा झाले. डॉक्टरांना उशीर झाला असेल असं त्यांना वाटलं. शेवटी राहवेना म्हणून ते उतरून रस्त्यावर गेले, तर खाली गुरं चारणारा माणूस म्हणाला, डाक्टर कधीच गेलो. ते मसुऱ्याच्या दिशेने धावत निघाले. अर्ध्या वाटेत कळलं की डॉक्टर त्या दिवशी औषधं घ्यायला म्हणून तसेच पुढे मालवणला गेले. मग माघारी येऊन, शेजारच्या वाडीतली माणसं जमवून, तिला बाजेवर घालून खाली आणली आणि जी बस आधी येईल तिची वाट बघितली; आली ती कसालकडे जाणारी. पोटातला मुलगा होता. तोही गेला.

तेरा दिवस मी त्या घरी जाऊन येऊन होतो. सगळ्यांबरोबर उठलो बसलो, पानावर बसलो. आई तिथेच राहिली होती, नातीला मांडीवर घेऊन. येणारी माणसं विचारत, डाक्टर तो दिस कसो चुकलो? भावोजी तेच सांगत. मी तिथे बसलेला असे आणि गप्प असे. एकदा कोणीतरी म्हणालं, "फटफटीक काय तरी केला म्हणतत." मी उठून विहिरीवर गेलो आणि पाणी ओढत राहिलो.

कसालला परत आलो त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर दुकानात आले. पेटीवर बसले. 

"अशा वेळी माझ्या पिशवीत काय असतं?" ते म्हणाले. "दोन इंजेक्शनं. मी पोचलो असतो तर कदाचित वाचली असती, कदाचित नसतीही. खरं सांगतो, मला माहीत नाही. तू मनात धरू नकोस."

"तुमी धरलास?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना मी नेहमी शुद्ध बोलायचो. त्या दिवशी ते भान राहिलं नाही.

 ते उठताना म्हणाले, "ती पुंगळी पहिल्यासारखी करून दे."

पहिल्यासारखी करणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. त्या तीन तबकड्या मी केव्हाच कापून त्यांचे वायसर केले होते. ते कुठल्या कुठल्या पंपात बसले होते. मी मागचा कप्पा कापून टाकला, नळी ओढून काढली, दोरी उलगडली. तिला काळी राख लागली होती. दुकानामागे खड्डा खणून मी ती पुरली. मग पोकळ कवचच नुसतं इंजिनाला जोडलं. फटफटी सुरू केली तेव्हा शेडचा पत्रा हादरला. पहिल्यापेक्षा कितीतरी वाईट आवाज होता, कानात खिळा मारावा तसा. डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे," आणि बसून गेले. पुढच्या आठवड्यापासून रस्त्यावर पुन्हा माणसं उभी राहायला लागली.

भावोजींकडे जाऊन सांगायला मला तीन महिने लागले. दर बाजाराला ठरवायचो, पुढच्या बाजाराला जाऊ. शेवटी एका सकाळी सायकल काढली. काजू धरायला लागले होते. भावोजी बागेला वई घालत होते, काटेरी फांद्या ओढून आणायच्या आणि वेलाने बांधायच्या. त्यांनी मला बघितलं, पण हात थांबवले नाहीत.

"भावोजी, माका कायतरी सांगूचा आसा."

"सांग."

मी सांगितलं. डॉक्टर का आले, मी काय काय केलं, काथ्या कसा जळला, दोरी कुठून आणली. डॉक्टर मधेच पुरे म्हणाले होते तरी मी दोन दिवस मागून घेतले, हेही सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. ती दुकानात बसून मला विचारून गेली होती आणि मी काय उत्तर दिलं, ते माझ्या तोंडातून आलं नाही.

ते एक गाठ मारत होते. ती पुरी केली. मग म्हणाले, "माका म्हायत आसा."

"कधीपासून?"

"तिच्या बाराव्याच्या आदीपासून. बाजारात बोलत होते."

"मगे माका बोललास नाय कित्याक?"

"तू येशीत म्हणान वाट बघलंय. तीन म्हयने झाले."

 मी बांधावर बसलो. त्यांनी आणखी एक फांदी ओढून आणली. बोटात काटा गेला होता तो दाताने काढला, थुंकला आणि म्हणाले, "तू काय मुद्दाम केलस नाय, ता माका कळता. पण मी आंगणात बसलेलंय रे. सकाळपासून. रस्त्यार जावन बसाक माका काय झाला होता? धा मिनटांची वाट. ता माझा माका भोगूचा आसा. तुझा तू बघ."

एवढं बोलून ते वई बांधत राहिले. थोड्या वेळाने मीही उठून फांद्या धरायला लागलो. दुपारपर्यंत आम्ही काम केलं. त्यांची आई जेवायला हाक मारत आली तेव्हा मी म्हटलं, दुकान उघडं टाकून आलोय. ते म्हणाले, "जेवन जा." मी जेवलो. 

आईने मला कधी काही विचारलं नाही. बाजारात बोललेलं तिच्या कानावर गेलं नसेल असं नाही. पूर्वी दुपारी ती डबा घेऊन दुकानात यायची, पेटीवर बसून येणाऱ्या जाणाऱ्यांशी बोलायची. त्यानंतर ती दुकानात आली नाही. डबा सकाळीच बांधून दाराशी ठेवायची. घरात माझ्याशी बोलायची, दुखलंखुपलं बघायची, सगळं करायची. पण लेकीचं नाव तिने माझ्यासमोर उच्चारलं नाही. वडिलांच्या फोटोशेजारी तिचाही फोटो लावावा म्हणून मी एकदा चौकट करून आणली. आईने ती कपाटात ठेवली.

वर्षाने भावोजींनी दुसरं लग्न केलं. मुलीला बघायला कोणीतरी हवं होतं. लग्नाला त्यांनी मला स्वतः येऊन बोलावलं आणि मी गेलो. नवी बाई चांगली होती. भावोजी सायकल दुरुस्तीला माझ्याकडेच आणत. त्यांच्या वाटेवर तोवर दुसरं दुकान झालं होतं, तरी माझ्याकडेच. चाक सरळ होईपर्यंत आम्ही पावसाबद्दल, भाताबद्दल, काजूच्या मोहोराबद्दल बोलायचो. मग ते जायचे. त्या गप्पा आम्ही दोघंही सांभाळून, कडेकडेने चालवायचो.

डॉक्टर आणखी चार वर्षं राहिले. मग घाटावर परत जायचं ठरवलं. जायच्या दिवशी सामान ट्रकने पुढे धाडलं आणि ते फटफटीवरून निघाले. दुकानाशी थांबले. त्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून इंजिन बंद केलं. तोवर त्यांचे कानाशेजारचे केस पांढरे झाले होते. "येतो," म्हणाले. मी म्हटलं, "या."  त्यांनी लाथ मारून इंजिन सुरू केलं आणि फोंड्याच्या दिशेने गेले. पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

पुढे आमच्याकडेही फटफट्या वाढल्या. कोणी ठेकेदार, कोणी बागवाला. कोणाला आवाज दणदणीत हवा असायचा, कोणाला मऊ. जुने ड्रायव्हर त्यांना माझ्याकडे पाठवायचे. मी चाक बघायचो, ब्रेक बघायचो, आणि पुंगळीचं काम येत नाही म्हणून सांगायचो.

भाची मे महिन्यात आमच्याकडे आजीपाशी यायची. सात-आठ वर्षांची असेल, तेव्हाची गोष्ट. मी पडवीत विळीचा खिळा ठोकत होतो. ती समोर आंबा चोखत बसली होती. हात कोपरापर्यंत रसाने भरलेले. तिने एकदम विचारलं, "मामा, माझी आये कशान गेली?"

आत आईच्या हातातल्या भांड्याचा आवाज थांबला.

"तुका भाव होवचो होतो," मी म्हटलं. "रगात गेला."

"मगे डाक्टर नाय होतो?"

"होतो. पण लांब होतो."

तिने थोडा विचार केला. कोय चाटून अंगणात फेकली आणि हात धुवायला विहिरीकडे गेली. आत भांडी पुन्हा वाजायला लागली. आता त्या मुलीचीही मुलं मोठी झाली आहेत. तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही.